आधी दूध, मग कूस

गाय व्यायली की गोठ्यात दोन गोष्टींची चौकशी होते: वार पडली का, आणि चीक किती निघाला. वार पडायला सहसा काही तास जातात. तोवर घरातलं कुणीतरी गोठ्याच्या आसपास असतंच, कारण पडलेली वार गाय खाऊन टाकते आणि ती तिनं खाऊ नये असं मानतात. पुढे ती वार पोत्यात बांधून वडासारख्या चिकाच्या झाडाला टांगली की दूध वाढतं, अशी समजूत महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत आहे. निघालेल्या चिकात वासराचा वाटा किती आणि खरवसाचा किती, हे ज्या-त्या घरावर अवलंबून.

झाडाला टांगण्याआधी ती वार पाण्यानं धुऊन पसरली, तर तिच्या पातळ पडद्यावर जागोजागी लालसर, खडबडीत गाठी दिसतात. शंभराच्या आसपास असतात. वासरू पोटात असताना याच गाठींच्या ठिकाणी त्याच्या रक्तवाहिन्या गायीच्या गर्भाशयाला भिडलेल्या होत्या. भिडलेल्या म्हणजे शेजारी टेकलेल्या. गायीचं रक्त आणि वासराचं रक्त यांच्यामध्ये पेशींचे अनेक थर शेवटपर्यंत शाबूत राहतात. अन्न आणि प्राणवायू त्या थरांतून पलीकडे जातात, पण आईच्या रक्तातली रोगाशी लढणारी प्रतिपिंडं जात नाहीत. म्हणून वासरू जन्मतं तेव्हा त्याच्याजवळ आईचं संरक्षण जवळजवळ शून्य असतं. ते सगळं चिकातून यायचं असतं, आणि वासराचं आतडं ती प्रतिपिंडं अखंड आत घेऊ शकतं ते जेमतेम पहिला दिवसभर, त्यातही पहिल्या काही तासांत सगळ्यात चांगलं. वार पडेपर्यंत वासराला पाजू नये, अशी एक जुनी रीत अनेक ठिकाणी अजून पाळली जाते. वार झाडाला टांगल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. या दुसऱ्या रीतीपायी मात्र वासरं दगावतात.

माणसाचं तसं नाही. आपली वार गर्भाशयाच्या अस्तरात खोल शिरते, तिथल्या रक्तवाहिन्या पोखरते, आणि बाळाच्या बाजूचे तंतू थेट आईच्या रक्तात भिजत राहतात. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात मोठ्या प्रमाणावर पोचतात. जे काम गाय चिकावर सोपवते, त्यातला मोठा भाग आपण वारेवर सोपवलेला आहे.

वार आणि दूध, दोन्ही पिल्लाला पोसण्याचीच साधनं. पण त्यांचं वय सारखं नाही. सस्तन प्राण्यांच्या पूर्वजांनी पिल्लांना दुधासारखं काही पाजायला सुरुवात केली, तेव्हा ते अंडी घालत होते. पोटपिशवी त्यानंतरची, आणि वासराला नऊ महिने की हत्तीच्या पिल्लाला बावीस महिने हा हिशेबही त्यानंतरचाच. हे पुस्तक त्या क्रमानं लिहिलं आहे. या विषयावरच्या बहुतेक पुस्तकांत गर्भाशयापासून सुरुवात होते, दूध शेवटच्या प्रकरणात येतं आणि अंडी घालणारे सस्तन प्राणी ‘अपवाद’ म्हणून चौकटीत बसवले जातात. मी क्रम उलटा का केला, ते सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आपल्याकडची जीवांची जुनी वाटणी जन्माच्या रीतीवरून आहे: जारज, अंडज, स्वेदज, उद्भिज्ज. वारेत गुंडाळून येतो तो जारज, अंड्यातून येतो तो अंडज. गाय एका खान्यात, कोंबडी दुसऱ्या. स्वीडनच्या लिनियसनं १७५८ साली वेगळी खूण धरली. अंगावर दूध पाजणाऱ्या सगळ्या प्राण्यांचा त्यानं एक वर्ग केला. देवमासा मासा राहिला नाही, वटवाघूळ पक्ष्यांपासून सुटलं, आणि माणूस गायी-घोड्यांच्या पंगतीला येऊन बसला. लिनियसची खूण पोसण्याची होती, जन्मण्याची नव्हती. तरी दूध पाजणारा प्राणी जिवंत पिल्लालाच जन्म देणार, हे त्याच्या काळी इतकं उघड वाटत होतं की ते कुणी मुद्दाम लिहूनही ठेवलं नाही. पुढची चाळीस वर्षं या समजुतीला धक्का लागला नाही.

१७९८ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर जॉन हंटर यानं एका प्राण्याचं कातडं इंग्लंडला पाठवलं. बदकासारखी चोच, बीव्हरसारखी शेपूट, अंगावर दाट लव. ब्रिटिश म्युझियममधल्या जॉर्ज शॉनं १७९९ साली त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं, पण कुणीतरी दोन प्राणी शिवून आपल्याला फसवत नाही ना, ही शंकाही त्यानं लिहून ठेवली. हा प्लॅटिपस. कातडं खरं आहे हे लवकरच पटलं. भांडण पेटलं ते पोटातल्या अवयवांवरून. मूत्र, विष्ठा आणि पिल्लं यांच्यासाठी बाहेर पडायला वाट एकच, सरड्यात किंवा पक्ष्यात असते तशी. फ्रान्सच्या जॉफ्रॉय सेंट-हिलेरनं १८०३ साली याच एका वाटेवरून या प्राण्यांच्या गटाला नाव दिलं, आणि हे प्राणी अंडी घालत असणार असं धरलं. जर्मन शरीरशास्त्रज्ञ मेकेलला १८२४ च्या सुमारास मादीच्या पोटाच्या कातडीखाली दुधाच्या ग्रंथी सापडल्या. जॉफ्रॉय म्हणाला, या ग्रंथी दुधाच्या असूच शकत नाहीत. इंग्लंडमध्ये रिचर्ड ओवेननं त्या दुधाच्याच आहेत हे दाखवलं आणि उलटा निष्कर्ष काढला: दूध आहे, तेव्हा अंडी बाहेर घातली जात नसणार, ती पोटातच फुटत असतील. दोघंही मोठे शास्त्रज्ञ. दोघांनाही समोरच्याचा अर्धा पुरावा मान्य होता, आणि दूध आणि अंडं एकाच मादीत असू शकतं हे दोघांपैकी एकालाही मान्य नव्हतं. वाद ऐंशी वर्षं चालला. नदीकाठच्या आदिवासींकडे चौकशी झाली होती. काहींनी अंडी घालतो असं सांगितलंही होतं, पण उत्तरं एकसारखी मिळेनात आणि लंडनमध्ये त्यांना वजन नव्हतं.

शेवट झाला १८८४ साली. केंब्रिजचा तरुण संशोधक विल्यम कॉल्डवेल क्वीन्सलंडमध्ये बर्नेट नदीकाठी तळ ठोकून बसला. प्राणी शोधून आणायचं सगळं काम तिथल्या आदिवासींनी केलं. एका मादीमागे तो अर्धा क्राउन देई, आणि जसजशी आवक वाढे तसतसा आपल्याकडच्या पिठाचा, चहाचा, साखरेचा भाव चढवत जाई, म्हणजे मिळालेले पैसे जेमतेम पोटाला पुरावेत आणि माणसं पुन्हा शिकारीला जावीत. हे त्यानं स्वतःच, कसलाही संकोच न बाळगता, शास्त्रीय प्रबंधात लिहून ठेवलं आहे. प्राण्यांची कत्तल शेकड्यांनी झाली. ऑगस्टअखेर त्याला हवी होती ती मादी मिळाली: एक अंडं नुकतंच घातलेलं, दुसरं गर्भाशयाच्या तोंडाशी. त्यानं तार केली. हे प्राणी अंडी घालतात आणि त्यांच्या अंड्याचं विभाजन बलक असलेल्या अंड्यासारखं, म्हणजे अर्धवट होतं, एवढंच त्या चार शब्दांच्या तारेत होतं. २ सप्टेंबरला ती माँट्रियलमध्ये भरलेल्या ब्रिटिश असोसिएशनच्या सभेत वाचली गेली. त्याच दिवशी दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या रॉयल सोसायटीपुढे विल्हेल्म हाके नावाचा गृहस्थ उभा होता. त्याच्या हातात कांगारू बेटावरच्या एकिड्नाच्या पोटपिशवीत सापडलेल्या अंड्याचं कवच होतं. अंडं कुजलेलं होतं आणि सापडलं तेव्हा आश्चर्याच्या भरात त्याच्याच बोटांनी ते फोडलं होतं. कॉल्डवेलची कीर्ती झाली, हाके मागे पडला. मला हाके जास्त आवडतो. त्यानं एकाच प्राण्यावर काम भागवलं.

आता अंड्याकडे वळू. प्लॅटिपसचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं असेल अशी कल्पना कुणी केली असेल तर ती सोडून द्यावी. अंडाशयातून सुटतं तेव्हा ते सुमारे चार मिलिमीटरचं असतं. गर्भाशयात ते दोन-तीन आठवडे राहतं आणि तिथे आईनं पाझरवलेला रस कवचातून आत शोषून घेत चक्क वाढतं. बाहेर येईपर्यंत ते सतरा मिलिमीटरच्या घरात पोचलेलं असतं. कोंबडीचं कवच एकदा चढलं की आत अन्नाचा आणखी एक कण जात नाही. आईनं बांधून दिलेली शिदोरी एकदाच, ती पुरेल तेवढीच. प्लॅटिपसची मादी कवच घालूनही खाऊ घालत राहते. म्हणजे ज्याला आपण गर्भाशयातलं पोषण म्हणतो, त्याची सुरुवात अंडी घालणाऱ्या प्राण्यातच झालेली दिसते.

मादी नदीच्या काठात लांब बीळ खणते. ओली पानं शेपटीखाली मुडपून आत नेते आणि बिळात जागोजागी मातीचे बोळे लावून वाट बंद करते. अंडी बहुधा दोन. ती पोट आणि शेपूट यांच्यामध्ये धरून मादी वळकटी करून पडते, आणि दहाएक दिवसांत पिल्लं बाहेर येतात. दीड-दोन सेंटिमीटरची, आंधळी, उघडी. अंडं फोडण्यासाठी त्यांना सरड्याच्या पिल्लासारखा एक दात असतो. मादीला स्तनाग्रं नसतात. पोटावरच्या दोन ठिकाणी, केसांच्या मुळाशी, दूध पाझरतं आणि पिल्लं तिथलं चाटून-चोखून घेतात. हे तीन-चार महिने चालतं, सगळं अंधारात, मातीच्या बोळ्यांमागे. म्हणूनच ऐंशी वर्षांत कुणाच्या दृष्टीस ते पडलं नाही. माणसाच्या देखरेखीखाली प्लॅटिपसचं पिल्लू जन्मलं ते पहिल्यांदा १९४३ साली, मेलबर्नजवळच्या हील्सव्हिलला, डेव्हिड फ्ले यांच्याकडे. तसं दुसऱ्यांदा घडायला अर्ध्या शतकाहून जास्त काळ गेला.

एकिड्ना हा त्याचा काटेरी, मुंग्या खाणारा भाऊबंद. विणीच्या हंगामात एका मादीमागे नरांची रांग लागते, कधी पाच-सहांची, कधी आणखी लांब, आणि ती रांग दिवसचे दिवस झुडपांतून फिरते. नराच्या लिंगाला चार तोंडं असतात आणि एका वेळी त्यांतली दोनच कामात येतात. मादीची पोटपिशवी कायमची नसते. हंगामापुरती पोटाची कातडी दुमडून तयार होते. अंडं एकच, आणि ते थेट या पिशवीत. पिल्लाला काटे फुटायला लागले की मादी त्याला पिशवीबाहेर काढते, बिळात ठेवून बीळ बुजवते आणि चरायला निघून जाते. पाच-पाच दिवसांनी परतते, भरपूर पाजते, पुन्हा जाते. प्लॅटिपसची एक आणि एकिड्नाच्या चार, अशा या गटाच्या पाचच जाती आज उरल्या आहेत, सगळ्या ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीत. त्यांतली डेव्हिड ॲटनबरो यांच्या नावाची लांब चोचीची एकिड्ना कित्येक दशकं शास्त्रज्ञांना जिवंत दिसलीच नव्हती. २०२३ साली इंडोनेशियाच्या पापुआ प्रांतातल्या सायक्लॉप्स पर्वतात लावलेल्या कॅमेऱ्यात तिची चित्रं मिळाली.

केसांच्या मुळाशी पाझरणारं हे दूध कुठून आलं असावं? अमेरिकी संशोधक ओलाव ऑफ्टेडाल यांची मांडणी मला सगळ्यात पटते. सस्तन प्राण्यांच्या दूरच्या पूर्वजांची अंडी पातळ, कातडी कवचाची होती. अशी अंडी उबवायला घेतली तर उबेनं ती सुकतात. आईच्या कातडीतल्या ग्रंथींचा ओलावा त्यांना लागत राहिला तर ती तगतात. त्या ओलाव्यात जंतू मारणारे पदार्थ आले तर आणखी बरं. पुढे बाहेर आलेलं पिल्लू तो ओलावा चाटू लागलं, आणि त्यात प्रथिनं, चरबी, साखर वाढत गेली. या मांडणीप्रमाणे दुधाचं पहिलं काम पोट भरणं हे नव्हतंच. आजच्या चिकाकडे पाहिलं तर या कल्पनेत ओढूनताणून आणलेलं काही वाटत नाही: पहिल्या दिवसाचा चीक अन्नापेक्षा औषध म्हणूनच अधिक मोलाचा आहे.

याचा भक्कम धागा जनुकांत सापडतो. अंड्यातला बलक ज्या प्रथिनापासून बनतो, त्याची तीन जनुकं कोंबडीत काम करतात. २००८ साली स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की प्लॅटिपसमध्ये त्यांतलं एकच शाबूत आहे. कांगारूत, कुत्र्यात, माणसात एकही चालू नाही. पण त्यांचे मोडके अवशेष आपल्या गुणसूत्रांत नेमक्या त्याच जागी पडून आहेत. दुधातलं केसीन बनवणारी जनुकं मात्र प्लॅटिपसपासून माणसापर्यंत सगळ्यांत आहेत. म्हणजे आधी दूध आलं. मग दूध पुरेसं झालं म्हणून बलक आटत गेला, आणि बलक आटल्यानंतर वारेचं महत्त्व वाढलं. आपल्या प्रत्येकाच्या गर्भावस्थेत आजही बलकाची पिशवी तयार होते. तिच्यात बलक नसतो, पण बाळाचं पहिलं रक्त तिथेच बनतं.

यानंतर पोटपिशवीवाले. १६२९ साली ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘बटाव्हिया’ हे डच जहाज फुटलं. त्या सफरीचा प्रमुख फ्रान्सिस्को पेल्सार्ट यानं तिथल्या बेटांवर वॉलबी पाहिली, पिशवीत स्तनाग्राला चिकटलेलं इवलंसं पिल्लू पाहिलं, आणि हे पिल्लू त्या स्तनाग्रातूनच फुटून वाढत असावं, असा अंदाज बांधला. त्याला हसू नये. तांबड्या कांगारूचं पिल्लू आईच्या पोटात तेहतीस दिवस असतं आणि जन्मतं तेव्हा एक ग्रॅमचंही नसतं. आई पंचवीस-तीस किलोची. त्याचे मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पुढचे पाय मात्र नख्यांसह तयार. त्यांच्या जोरावर ते आईच्या केसांना धरत काही मिनिटांत पिशवी गाठतं, स्तनाग्र तोंडात घेतं, आणि ते स्तनाग्र तोंडातच फुगून पिल्लू अडकून बसतं. पुढचे आठ महिने त्याचा मुक्काम पिशवीत.

पोटपिशवीवाल्यांना वार नसते, हे वाक्य अजूनही पाठ्यपुस्तकांत भेटतं. ते चूक आहे. वार असते, थोडे दिवस असते, आणि बहुतेकांत ती बलकाच्या पिशवीपासून बनते. हे प्राणी वार जमली नाही म्हणून अर्धवट पिल्लू टाकून मोकळे होतात, ही समजूतही तितकीच चूक. त्यांनी कामाची वाटणी वेगळी केली आहे, पोषणाचा बहुतेक सगळा भार दुधावर टाकून. म्हणून त्यांचं दूधही आपल्या दुधापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं. पिल्लाच्या वयाबरोबर ते बदलत जातं: सुरुवातीला पातळ आणि साखरेचं, शेवटी चरबीचं. टॅमर वॉलबीचं लहान पिल्लू उचलून पुढच्या टप्प्यावरच्या दुसऱ्या आईकडे लावलं, तर ते नेहमीपेक्षा वेगानं वाढतं. म्हणजे वाढीचा वेग बऱ्याच अंशी दूध ठरवतं. तांबड्या कांगारूच्या मादीकडे तर एकाच वेळी दोन वयांची पिल्लं अंगावर असू शकतात, एक पिशवीत आणि एक बाहेरून मान घालून पिणारं. दोघांची स्तनाग्रं वेगळी, दोन्हींतलं दूध वेगळं, आणि आई एकच. याशिवाय तिच्या गर्भाशयात शंभरेक पेशींचा एक गर्भ थांबवून ठेवलेला असतो. पिशवीतलं पिल्लू चोखत आहे तोवर तो पुढे वाढत नाही. पिल्लू गेलं, दुष्काळात किंवा शिकारीत, की थांबलेला गर्भ चालू होतो. जिथे पाऊस कधी येईल याची खात्री नाही तिथे ही व्यवस्था गायीच्या नऊ महिन्यांपेक्षा शहाणपणाची आहे. दलदली वॉलबीनं त्यावरही कडी केली आहे: तिला दोन गर्भाशयं, आणि एकातलं पिल्लू जन्मायच्या आधीच ती दुसऱ्यात नवा गर्भ धरते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ती प्रौढपणी जवळजवळ सतत गाभणच असते.

अमेरिकेतल्या ओपोसमची गोष्ट निष्ठुर आहे. बारा-तेरा दिवसांत वीसेक पिल्लं जन्मतात, स्तनाग्रं बहुधा तेरा. ज्यांना जागा मिळत नाही ती मरतात.

प्लॅटिपस खाली, कांगारू मध्ये, गाय आणि माणूस वर, अशी पायरी लावायचा मोह शाळेपासून आपल्या अंगात मुरलेला आहे. या पुस्तकात ती पायरी नाही. ती का नाही याचा सगळ्यात चांगला पुरावा पुन्हा वारेतच आहे. गायीच्या वारेत थर शाबूत राहतात, माणसाच्या वारेत ते पोखरले जातात. म्हणून गायीची वार मागासलेली आणि आपली पुढारलेली असं पूर्वी शिकवत. अलीकडचे वंशवृक्ष उलटं सांगतात. वारवाल्या सस्तनांच्या समान पूर्वजाची वार आत घुसणारीच असावी, आणि गाय-घोडा-देवमासा यांच्या वंशांनी नंतर अंतर राखायला सुरुवात केली. अंतर का राखावं, हेही समजण्यासारखं आहे. वार गर्भ बनवतो, आई नव्हे, आणि गर्भातली अर्धी जनुकं बापाची. माणसाची वार आईच्या रक्तात अशी रसायनं सोडते की आईच्या रक्तातली साखर थोडी चढी राहावी; आईचं शरीर जास्त इन्सुलिन सोडून ती उतरवू पाहतं. गरोदरपणातला मधुमेह हा या ओढाताणीचा तोल गेल्यावर दिसणारा प्रकार आहे, असं डेव्हिड हेग या जीवशास्त्रज्ञानं १९९३ साली मांडलं. आई आणि गर्भ यांच्यातल्या या झगड्यावर एक अख्खं प्रकरण आहे. ते वाचून मातृत्वाचा अपमान झाला असं काहींना वाटेल. मला तसं वाटत नाही. दोन जीव एका रक्तावर जगतात तेव्हा हिशेब होणारच.

वारेबद्दलची आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. माणसाच्या वारेचा बाहेरचा थर पेशी एकमेकींत विरघळून तयार होतो, आणि पेशींना असं जोडणारं प्रथिन मुळात एका विषाणूचं आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी तो विषाणू आपल्या पूर्वजांच्या जनुकांत शिरला आणि तिथेच राहिला. उंदरांच्या वंशानं असंच काम वेगळ्या विषाणूकडून उचललं, गायींच्या वंशानं आणखी वेगळ्या.

मिलन आणि जन्म यांच्यामधला काळ ताणण्याच्या तऱ्हाही पुष्कळ आहेत. अस्वलाचा गर्भ काही महिने गर्भाशयात न रुजता तरंगत राहतो. वटवाघळांत काही जातींच्या माद्या नराचं वीर्य आठवडेच्या आठवडे, थंड देशांत तर सबंध हिवाळा, शरीरात जपून ठेवतात आणि फलन नंतर होतं. या विषयात आपल्याकडे पायाभूत काम झालं आहे, हे मराठी वाचकाला सहसा माहीत नसतं. नागपूरच्या विज्ञान संस्थेत ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून कित्येक वर्षं भारतीय वटवाघळांच्या प्रजननाचा आणि गर्भविज्ञानाचा अभ्यास केला. पडक्या वाड्यांत, देवळांत, लेण्यांत राहणाऱ्या जातींचे महिन्यामहिन्याचे नमुने घेऊन, मादी कधी माजावर येते, वीर्य किती टिकतं, गर्भ कुठल्या बाजूच्या गर्भाशयात रुजतो, वार कशी बनते, याच्या नोंदी त्यांनी केल्या. त्या निबंधांची भाषा रुक्ष आहे आणि आकृत्या देखण्या. वटवाघळाचं पिल्लू जन्मतं तेव्हा आईच्या वजनाच्या पाव हिश्शाच्या आसपास असू शकतं, आणि अनेक जातींत आई उलटी लटकलेली असताना हे बाळंतपण होतं.

बाकीच्या नवलांना प्रस्तावनेत एकेक वाक्यच देता येईल. नऊपट्टी आर्माडिलोला दर वेळी एकाच अंड्यातून फुटलेली चार जुळी होतात. मादागास्करच्या टेनरेकच्या पोटात बत्तीसपर्यंत गर्भ मोजले गेले आहेत. सह्याद्रीतलं खवले मांजर अंगभर खवले घेऊन सरपटणारं वाटतं, पण ते जारजच. त्याचं एकुलतं पिल्लू आईच्या शेपटीवर बसून फिरतं. उत्तर अटलांटिकच्या बर्फावरच्या हुडेड सीलची मादी पिल्लाला फक्त चार दिवस पाजते, पण ते दूध साठ टक्के चरबीचं असतं आणि त्या चार दिवसांत पिल्लाचं वजन दुप्पट होतं. ओरांगउटानची आई सात-आठ वर्षं पाजते.

पुस्तकाच्या मांडणीविषयी थोडं. पहिली तीन प्रकरणं दुधावर आहेत, मग अंडं, मग पोटपिशवी, मग वार, आणि शेवटी काळ लांबवण्याच्या युक्त्या. माणसाला वेगळं प्रकरण दिलेलं नाही. तो जिथे-जिथे उपयोगी पडतो तिथे येतो. पाळीव जनावरांची उदाहरणं मुद्दाम जास्त घेतली आहेत, कारण गाय, म्हैस, शेळी यांच्याबद्दल वाचकाला आधीच जे माहीत आहे त्याचा फायदा घ्यावा असं वाटलं. नर-मादी जुळं झालं तर त्यातली कालवड बहुधा वांझ निघते, हे जुन्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. दोघांच्या वारांमधल्या रक्तवाहिन्या जुळल्यामुळे नराकडचे संदेश मादीत जाऊन तिची वाढ बिघडते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. अशा जागा पुस्तकात पुष्कळ आहेत. प्रजननाच्या रोगांवर आणि उपचारांवर मात्र इथे काही नाही. ते पशुवैद्यकाचं आणि डॉक्टरांचं काम.

प्रकरणं ओळीनं वाचायची सक्ती नाही. वटवाघळांचं प्रकरण कुणी आधी उघडलं तरी हरकत नाही. कांगारूचं मात्र अंड्याच्या प्रकरणानंतरच वाचावं. बलक कुठे गेला हे कळल्याशिवाय एक ग्रॅमच्या त्या पिल्लाचा हिशेब लागत नाही.